पायाची विद्या : उमेदवारी, पदवी आणि पुन्हा उमेदवारी

मासे पकडण्याच्या गळाला लावतात तसल्या नायलॉनच्या दोऱ्याचा जेमतेम चार सेंटिमीटरचा तुकडा आणि त्याला धरायला एक दांडी. मधुमेही माणसाचे पाय तपासण्याचे हे एक महत्त्वाचे साधन आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि दोऱ्याचे टोक तळपायावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. दोरा १० ग्रॅम भाराला वाकेल अशा जाडीचा आणि लांबीचा घेतलेला असतो. तपासणाऱ्याने अधिक जोर लावला तर दोरा अधिक वाकतो, पण त्वचेवरचा दाब फारसा वाढत नाही. हा स्पर्श कळला नाही, तर त्या पायात खडा रुतला, चप्पल चावली किंवा चटका बसला तरी त्या माणसाला कळेलच याचा भरवसा राहत नाही.

ही तपासणी करणे, भोवऱ्या आणि घट्टे काढणे, नखांचे विकार पाहणे, जखमांची निगा राखणे, योग्य पादत्राणे सुचवणे हे सारे इंग्लंडमध्ये पोडियाट्रिस्ट म्हणजे पादचिकित्सक करतात. त्यासाठी तिथे विद्यापीठाची पदवी लागते. पण गेल्या काही वर्षांत तिथे या पदवीकडे जाणारी एक नवी वाट निघाली आहे. पहिल्या दिवसापासून दवाखान्यात पगारी नोकरी करायची, अनुभवी पादचिकित्सकाच्या हाताखाली शिकायचे आणि त्याच काळात पदवीही पूर्ण करायची. या वाटेला ‘पदवी-उमेदवारी’ म्हणता येईल. गंमत अशी, की याच व्यवसायाने उमेदवारीतून बाहेर पडून विद्यापीठात शिरण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे खर्च केली होती. मग आता तो मागे चालला आहे का?

भोवरी काढणारे

भोवरी म्हणजे काय? त्वचेच्या एकाच जागी सतत दाब पडला की तिथला बाहेरचा थर जाड होतो. दाब अगदी लहान जागेवर एकवटला असेल तर हा थर शंकूसारखा आत रुततो आणि चालताना खिळा टोचल्यासारखे दुखते. घट्ट बूट घालणाऱ्या शहरांत हे दुखणे घरोघरी असे. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत नखे काढायची नराणी असे. लंडनमध्ये भोवऱ्या काढणारे लोक गल्लोगल्ली फिरत.

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी ठरवून दिली होती. न्हावी आणि शल्यचिकित्सक यांचा १५४० पासून एकच संघ होता. १७४५ मध्ये शल्यचिकित्सक त्यातून वेगळे झाले आणि पुढे प्रतिष्ठित झाले. भोवरी काढणारा मात्र धड न्हावी नाही, धड वैद्य नाही, असा मधल्या मध्ये राहिला. १७८५ मध्ये डेव्हिड लो या लंडनच्या व्यावसायिकाने पायाच्या विकारांवर पुस्तक लिहिले आणि ग्रीक शब्द जोडून आपल्या धंद्याला ‘किरोपडी’ असे भारदस्त नाव दिले. नाव मिळाले, मान मिळायला वेळ लागला.

लुईस डुर्लाखर यांचे उदाहरण पाहा. ते इंग्लंडच्या राजघराण्याचे पादचिकित्सक होते. १८४५ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात पायाच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूच्या दुखण्याचे वर्णन केले. पुढे १८७६ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक टॉमस मॉर्टन यांनीही अशा दुखण्याचे वर्णन केले. आज ते मॉर्टन यांच्याच नावाने ओळखले जाते. रोज शेकडो पाय हाताखालून जाणाऱ्या माणसाचे निरीक्षण बारीक होते. पण ज्ञान म्हणून त्याची नोंद घेणारी यंत्रणा त्याच्यामागे नव्हती.

डॉक्टरही उमेदवारच

त्या काळी डॉक्टर मात्र विद्यापीठात शिकत होते, असे समजू नका. इंग्लंडमधले बहुतेक सामान्य डॉक्टर उमेदवारीतूनच तयार होत. १८१५ च्या कायद्याने औषधी-वैद्यकीचा परवाना मिळवण्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. कवी जॉन कीट्स हा अशाच एका वैद्याकडे एडमंटन गावी उमेदवार होता. तिथून तो लंडनच्या गाइज रुग्णालयात गेला आणि १८१६ मध्ये त्याला परवाना मिळाला.

या पद्धतीत हात लवकर तयार होई. पण तिचे दोष उघड होते. उमेदवाराच्या वडिलांना गुरूकडे भरभक्कम रक्कम भरावी लागे. गुरू चांगला असेल तर ठीक, नाहीतर झाडलोट करण्यात आणि बाटल्या भरण्यात वर्षे जात. शिवाय शिष्याला गुरूचे कौशल्य मिळे तशा त्याच्या चुकाही मिळत. ‘असे का करायचे?’ या प्रश्नाला ‘असेच करतात’ हे उत्तर पुरेसे मानले जाई. १८५८ मध्ये डॉक्टरांची कायदेशीर नोंदणी सुरू झाली आणि हळूहळू त्यांचे शिक्षण रुग्णालयांच्या शाळांत व विद्यापीठांत गेले.

पादचिकित्सक त्याच वाटेने, पण बरेच मागून चालले. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची शाळा निघाली. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९१३ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी पायांचा दवाखाना उघडला आणि १९१९ मध्ये त्याला शाळा जोडली गेली. १९६० च्या कायद्याने सरकारी नोंदणी आली. पण नोंदणी नसलेल्यालाही ‘किरोपडिस्ट’ अशी पाटी लावता येत होती. शतकाच्या अखेरीस पदवी हा या व्यवसायाचा रुळलेला मार्ग झाला. व्यवसायाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मात्र २००३ मध्ये मिळाले. भोवरी काढणाऱ्याला पदवीधर व्हायला इतका काळ लागला.

पदवी हवी कशाला?

भोवरी काढायला पदवी कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर शोधताना आपल्याला इंग्लंड सोडून तमिळनाडूतील वेल्लोरला यावे लागते. डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या पायांना न भरणाऱ्या जखमा होतात, कारण त्या रोगात मांसच सडते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच दिसले. पाय प्लास्टरमध्ये बसवून त्याला विश्रांती दिली की जखम इतर कोणाच्याही जखमेसारखी भरून येई. म्हणजे मांस चांगले होते. गेली होती ती वेदना. आपला पाय दुखू लागला की आपण नकळत चाल बदलतो, बसतो, चप्पल काढून पाहतो. वेदना नसलेला माणूस त्याच जागेवर हजारो पावले टाकत राहतो आणि ती जागा फुटते. यातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांना महत्त्व आले. १९६६ पासून अमेरिकेत काम करताना ब्रँड यांनी हीच दृष्टी मधुमेह्यांच्या पायांना लावली.

आता भोवरी काढणाऱ्याचे काम पुन्हा पाहा. समोरचा पाय मधुमेह्याचा असेल, त्यातली संवेदना गेली असेल आणि रक्तपुरवठाही कमी झाला असेल, तर पात्याचा एक लहानसा चुकीचा छेद पुढे पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतो. हात कितीही सफाईदार असला तरी नाडी, मज्जातंतू आणि जंतुसंसर्ग यांचे ज्ञान नसेल तर तो हात धोक्याचा. पदवी हवी ती यासाठी.

पण ब्रँड यांच्याच चरित्रात दुसरी बाजूही आहे. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी सुतारकाम आणि गवंडीकाम शिकण्यात काही वर्षे घालवली होती. दाब कुठे पडतो, भार कसा वाटला जातो, हे त्यांचे हात आधीच शिकले होते.

पुन्हा उमेदवारी

विद्यापीठाच्या वाटेवर एक नवा अडसर आला, तो पैशाचा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शिक्षणशुल्क वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेले. पादचिकित्सेच्या विद्यार्थ्यांचे शुल्क तोवर सरकार भरत असे. २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ही सोयही बंद झाली. या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांत संसार असलेले, थोडे मोठ्या वयाचे लोकही असत. त्यांना कर्ज काढून तीन वर्षे शिकणे अवघड होते, आणि विद्यार्थी कमी झाले.

पदवी-उमेदवारीची योजना इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये सुरू झाली होती. २०१७ पासून वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या मालकांवर, वरच्या रकमेच्या अर्धा टक्का इतका उमेदवारी-कर बसला. त्या निधीतून शिकवणीचा खर्च निघतो. पुढे पादचिकित्साही या योजनेत आली. उमेदवार हा दवाखान्याचा नोकर असतो. त्याला पगार मिळतो, शुल्क भरावे लागत नाही. साधारण चार वर्षांनी त्याला पदवी मिळते आणि इतर पदवीधरांच्याच कसोटीवर त्याची नोंदणी होते.

जुन्या उमेदवारीपेक्षा हिचा फरक इथेच आहे. शिकवणारा आणि अंतिम परीक्षा घेणारा एकच नाही. वडिलांनी रक्कम भरायची नाही. आणि उमेदवाराचा अभ्यासाचा वेळ नियमाने राखलेला असतो : आधी कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा राखला जाई, तर २०२२ मध्ये आठवड्याला सरासरी किमान सहा तास असा नियम झाला होता. हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसे कमी आणि रुग्ण जास्त असलेल्या दवाखान्यात उमेदवार म्हणजे स्वस्तातले दोन हात, असे समजण्याचा मोह आजही होऊ शकतो. तो वेळ गेला की नवी उमेदवारी जुनीच होईल. शिवाय मालकाने जागा काढली तरच उमेदवाराला प्रवेश. तेव्हा सर्वांना दार उघडले असेही नाही.

भारतात २०२१ मध्ये सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. एवढे पाय तपासायला खूप जाणते हात लागतील. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे, आणि पदवीतच उमेदवारी अंतर्भूत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये काढली. हाताने शिकणारा तो ‘कमी हुशार’, ही वर्गातली समजूत मात्र कोणत्याही कायद्याने जात नाही. ती शिक्षकच घालवू शकतात.

सुरुवात त्या नायलॉनच्या दोऱ्यापासून करता येईल. अर्धा मिलिमीटर जाडीचा दोरा दांडीला असा चिकटवा की चार सेंटिमीटर बाहेर राहील. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तो उभा धरून वाकेपर्यंत दाबा आणि सर्वांत मोठा आकडा टिपा. दोरा कापून दोन सेंटिमीटर करा आणि पुन्हा दाबा. लांबी निम्मी झाली, आकडा सुमारे चौपट होईल. (हा दोरा फक्त प्रयोगासाठी, रुग्ण तपासायला प्रमाणित साधनच हवे.) विद्यार्थ्यांना आधी हाताने करू द्या. मग त्यांनी ‘दुप्पट का नाही, चौपट का?’ असे विचारले, की उमेदवारी आणि पदवी दोन्ही तुमच्या वर्गात आलेल्या असतील.