गोळी, पट्टी की जेल? : एका औषधाच्या वाटांचा इतिहास

मराठीत ‘पाळी गेली’ एवढे दोन शब्द उच्चारले की विषय संपतो. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षानंतर सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे स्वच्छ लिहिलेले आहे, म्हणजे नोंद जुनीच आहे. पण त्या पन्नाशीच्या आगेमागे बाईच्या अंगाची जी लाही होते, रात्री घामाने उशी भिजते, झोप उडते आणि क्षुल्लक कारणावरून रडू येते, त्याबद्दल आपल्या आया-आज्या कुणापाशी बोलल्या? चार दिवस बाजूला बसणे सुटले, देवघर बारा महिने मोकळे झाले, म्हणून घरात उलट बरेच वाटायचे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी मोकळेपणाने लिहिले, तर त्यांच्यावर खटले झाले. अशा वातावरणात बायका गप्प राहिल्या यात नवल नाही.

आज झल्लाकमध्ये किंवा मनामात आम्ही चार मैत्रिणी भेटलो की हा विषय निघतोच. ‘हार्मोन घ्यावेत का’ या प्रश्नावर सगळ्यांची मते ठाम असतात. ‘घ्यायचे तर कोणत्या वाटेने’ हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मी विचारले, कारण मला विचारणे भाग होते. माझ्या आईला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, आणि मला पहिल्यांदा लिहून मिळाली ती गोळी. मग मी वाचू लागले, आणि या वाटांनाही इतिहास आहे हे कळले.

१९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ ब्युटेनांट या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. औषध मिळाले, पण ते द्यायचे कसे? निसर्गाने बनवलेले इस्ट्राडिऑल तोंडाने घेतले तर त्याचा मोठा भाग वाटेतच निकामी होतो. म्हणून सुरुवातीला तेलातली इंजेक्शने आली, मग कातडीखाली बसवायच्या बारीक गोळ्या आल्या. रोजच्या वापराला दोन्ही गैरसोयीचीच.

सोय केली ती घोडीने. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले प्रेमारिन १९४२ साली अमेरिकेच्या बाजारात आले. नावच मुळी ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या शब्दांच्या तुकड्यांचे आहे. तोंडाने घेता येणारी, रोज एक, छोटीशी गोळी. (गोमूत्र चालणाऱ्या आपल्या घरांतून हे कळल्यावर काय चर्चा झाली असती, याची कल्पना वाचकांनी करावी.) पुढे १९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक गाजले. रजोनिवृत्ती हा आजारच आहे आणि गोळी हे त्याचे उत्तर, असा त्यांचा सूर. मला तो सूर आजही खटकतो. बाईचे वय म्हणजे रोग नव्हे. पुढे १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवले की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या बाईला जोडीने प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देण्याचा नियम रूढ झाला.

दुसरी वाट मेक्सिकोतून निघाली. तिथल्या रानटी कंदापासून, जो आपल्या कोकणातल्या करांद्याच्या आणि कोनफळाच्या कुळातलाच, रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवले आणि १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. याच कंपनीत उरुग्वेचे अलेहान्द्रो झाफारोनी हे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. शरीरातल्या ग्रंथी औषध एकदम ओतत नाहीत, थेंबाथेंबाने सोडतात. मग आपण दिवसाची मात्रा एका घोटात का गिळायची? १९६८ साली त्यांनी सिंटेक्स सोडून, आपल्याच नावाची अक्षरे घेऊन, ‘अल्झा’ ही कंपनी काढली. १९७९ मध्ये प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून कानामागे चिकटवायची पट्टी अमेरिकेत मंजूर झाली आणि १९८६ मध्ये इस्ट्राडिऑलची पट्टी आली, आठवड्यातून दोनदा बदलायची. आपल्या बहरीनला सौदीशी जोडणारा पूलही १९८६ चाच! फ्रान्समध्ये मात्र कातडीवर चोळायचे जेल १९७० च्या दशकापासूनच प्रचारात होते.

हा फरक नुसत्या सोयीचा नाही. गोळी पोटात गेली की आतड्यातून सगळे रक्त आधी यकृतात जाते. तिथे इस्ट्रोजेनचा मोठा लोंढा एकदम पोचतो आणि रक्त गोठवणारी काही द्रव्ये यकृत जास्त बनवू लागते. पट्टी किंवा जेलमधले औषध थेट रक्तात उतरते, यकृताला तो लोंढा सोसावा लागत नाही. म्हणूनच तोंडाने एक-दोन मिलिग्रॅम लागते तिथे पट्टीतून दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पुरते.

हे कळूनही २००२ साली सगळे एका फटक्यात भीतीने झाकले गेले. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या १६,६०८ स्त्रियांवरील चाचणीचा एक भाग जुलैमध्ये मध्येच थांबवण्यात आला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण जास्त. उलट कंबरेच्या हाडाचे मोडणे ५ ने कमी. आकडे खरे होते. पण मथळ्यांत दोन गोष्टी हरवल्या. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि तपासले होते ते एकच मिश्रण, एकाच वाटेने: घोडीचे इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टिन, गोळीतून. पट्टीबद्दल त्या चाचणीने काहीच सांगितले नव्हते. तरी जगभर बायकांनी सगळेच हार्मोन बंद केले. मला त्या बायकांचा राग येत नाही. मथळे लिहिणाऱ्यांचा येतो.

गुठळीच्या प्रश्नाला उत्तर फ्रान्समधून आले. ‘एस्थर’ नावाच्या अभ्यासात २००३ साली दिसले की तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत शिरेतल्या गुठळीचा धोका साधारण साडेतीन पट होता, तर कातडीवाटे घेणाऱ्यांत तो वाढलेला आढळला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या नोंदींतूनही तेच निघाले. ही निरीक्षणे आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे सांगायला हवे. पण दिशा एकच आहे. आईचा इतिहास सांगितल्यावर माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनीही म्हणूनच पट्टी सुचवली.

पट्टीचे आमच्या हवेशी पटेल का, ही शंका रास्त आहे. झल्लाकच्या किनाऱ्यावर जुलैत घामाने कपडे अंगाला चिकटतात, तिथे पट्टी कशी टिकायची? कंबरेखाली, कोरड्या आणि तेल न लावलेल्या जागी ती बरी टिकते. दरवेळी जागा बदलायची. मात्र उष्णतेने औषध कातडीतून भराभर शिरते, म्हणून पट्टीवर ऊन येऊ द्यायचे नाही की गरम पिशवी ठेवायची नाही. आणि पाकीट उन्हातल्या मोटारीत विसरायचे नाही. ज्यांच्या कातडीला पट्टी सोसत नाही, खाज सुटून लाल चकती उठते, त्यांना जेल बरे. ज्यांचा त्रास फक्त खालच्या कोरडेपणाचा आणि वारंवार लघवीला होण्याचा, त्यांना योनीमार्गात वापरायची अल्प मात्रेची क्रीम किंवा गोळी पुरते. ती रक्तात फारच थोडी उतरते. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा जिलेटिन असते आणि काहींत शेंगदाण्याचे तेलही. शाकाहारी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बायकांनी औषधवाल्याला आधी विचारावे.

जेल आणि फवारा यांची एक गोष्ट निराळी. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इस्ट्राडिऑलच्या एका फवाऱ्याबद्दल इशारा दिला होता: आईच्या हातावरचे औषध लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या अंगाला लागून त्यांच्या शरीरात शिरत होते. म्हणून जेल लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यायचे, हात साबणाने धुवायचे, ती जागा कपड्याखाली झाकायची आणि नातवाला कडेवर घेण्याआधी तासभर तरी थांबायचे.