खेळाडू, वस्ताद व कार्यकर्ता

ठाणें शहरांत किंवा कल्याण-डोंबिवलींत क्रीडा-सत्काराचा समारंभ असला, म्हणजे त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम खेळाडू व्यासपीठावर येतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. आईबापांचे डोळे भरून येतात. त्यानंतर मार्गदर्शकांचा मान होतो. आणि सर्वांच्या शेवटीं, पाहुण्यांची गाडी दाराशीं उभी असतांना व मागच्या रांगा उठूं लागल्या असतांना, कार्यकर्त्याची पाळी येते. ज्यानें पंचवीस वर्षें मैदानावर फक्की मारली, सामन्यांचीं पत्रकें वांटलीं, मुलांना पहाटेच्या लोकलगाडीनें परगांवीं नेलें आणि रात्रीं एकेकाला घरीं पोंचविलें, त्याच्या हातीं शाल व श्रीफळ पडतें, तोंवर सभागृह अर्धें रिकामें झालेलें असतें.

हा क्रम बरोबर आहे कीं नाहीं, याचा निवाडा नुसत्या तर्कानें करूं गेल्यास वादाला अंत नाहीं. त्यापेक्षां इतिहासाची साक्ष काढणें बरें. खेळाडूचा मोठेपणा कोणी ओळखला, केव्हां ओळखला आणि त्या मोठेपणामागें कोणाकोणाचे हात होते, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्या एका चरित्रांत सांपडतात, असा एक मल्ल महाराष्ट्रांत होऊन गेला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव हे ते मल्ल होत.

मल्लाचा जाहीर मान करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. जत्रेच्या फडांत जिंकणाऱ्याला नारळ, फेटा, चांदीचें कडें मिळे, आणि हलगीच्या कडकडाटांत त्याला खांद्यावर घेऊन आखाड्याभोंवतीं फिरवीत. त्या मानांत वस्तादाचा वांटा निराळा सांगावा लागत नसे. कुस्ती लावतांनाच 'अमक्या वस्तादाचा पठ्ठा' असें पुकारलें जाई. म्हणजे जय झाला तरी दोघांचा व हार झाली तरी दोघांची. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं या विद्येला राजाश्रय दिला व खासबागेचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं तयार झालें. मध्यभागीं तांबड्या मातीचा हौद आणि भोंवतालीं चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळें शेवटच्या रांगेंतल्या शेतकऱ्यालाहि डाव स्पष्ट दिसावा.

शहरांतल्या सुशिक्षितांचें लक्ष या मंडळींकडे जरा उशिराच वळलें. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली. सर दोराबजी टाटा हे तिचे अध्यक्ष असतांना, १९१९ च्या सुमारास तिच्या शर्यतींत त्यांनीं जें पाहिलें त्यानें ते चकित झाले. धांवणारे बहुतेक शेतकरी वर्गांतले, पायांत कांहीं नाहीं, शास्त्रशुद्ध शिक्षण नाहीं; आणि तरीहि त्यांच्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या वेळांजवळ जात होत्या. त्यांतूनच १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडूंची एक लहानशी तुकडी गेली. बेळगांवकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले व एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे यांना चौथा क्रमांक मिळाला, म्हणजे पदक एका पायरीनें हुकलें. आज या दोघांचीं नांवें किती घरांत ठाऊक आहेत? पदक हुकलें कीं नांवहि हुकतें, हा अनुभव त्या पहिल्या तुकडीपासूनचा आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांच्या पांच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. मातीचें वेड त्यांना घरांतूनच लागलें. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें, आणि त्या वयांत बाबूराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें. १९४२ च्या चळवळींतहि या तरुणानें उडी घेतली होती. अंगानें ते दणकट दिसत नसत. त्यांचें सामर्थ्य होतें तें चपळाईंत आणि डावांच्या नेमकेपणांत.

पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत दाखल झाले. तेथील एक हकीकत नेहमीं सांगितली जाते. वार्षिक सामन्यांत कुस्तीसाठीं नांव द्यावयास हा मुलगा गेला, तेव्हां त्याची किरकोळ शरीरयष्टि पाहून क्रीडाशिक्षकांनीं त्याला परत पाठविलें. तो थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेला. खर्डेकरांनीं त्याला खेळूं द्यावें असें सांगितलें, आणि त्यानें आपल्याहून धिप्पाड गड्यांना चीत केलें. नकार देणाऱ्या शिक्षकांनाहि दोष देतां येत नाहीं. डोळ्यांना जें दिसलें त्यावर त्यांनीं निर्णय दिला. परंतु मुलाचें म्हणणें ऐकून घेण्याइतकी सवड जर प्राचार्यांनीं काढली नसती, तर पुढचें कांहींच घडलें नसतें. खर्डेकर हे मल्ल नव्हेत कीं वस्ताद नव्हेत. त्यांना आपल्या शब्दांत 'कार्यकर्ते' म्हणावें लागेल.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें. सारें आयुष्य तांबड्या मातींत घालविलेल्या या मल्लाला तेथें गादीवर लढावें लागलें. पकडी निराळ्या, नियम निराळे, गुणांची मोजणी निराळी. रीस गार्डनर या परदेशी मार्गदर्शकाचें साहाय्य त्यांना त्या वेळीं मिळालें. एवढ्या अपुऱ्या तयारीवर फ्लायवेट गटांत त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर त्यांनीं चार वर्षें एकाच ध्यासानें मेहनत केली. राजाराम कॉलेजांतील गोविंद पुरंदरे यांचें नांव या काळांतील मार्गदर्शक म्हणून घेतलें जातें.

१९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां खरी अडचण पैशाची होती. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं वर्गणी गोळा केली. कोणीं पैसे दिले, कोणीं वाटेची शिदोरी. सरकारदरबारीं हात पसरून फारसें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. अशा वेळीं प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळच्या सात हजारांची किंमत आजच्या आंकड्यांनीं मोजूं नये. मध्यमवर्गीय घरांत ती आयुष्याची पुंजी होती. विद्यार्थी हरून आला असता तर घराचें काय झालें असतें, याचा विचार त्या गृहस्थांनीं केला नसेल असें नाहीं. केला, आणि तरी सही केली. कोल्हापूरकडचेच केशव माणगावे हेहि त्या वर्षीं हेलसिंकीस कुस्तींत उतरले होते.

हेलसिंकीस बँटमवेट गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविलें. जपानचे शोहाची इशी व रशियाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशीं मात्र त्यांना हार पत्करावी लागली. इशींना सुवर्णपदक मिळालें, मम्मदबेयोवांना रौप्य, व खाशाबांना कांस्य. येथवरची हकीकत सर्वत्र छापलेली आहे. तिच्यांतील एक बारीक गोष्ट मात्र या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. दमछाक करणाऱ्या एका कुस्तीनंतर नियमाप्रमाणें अर्धा तास विश्रांति मिळावयास हवी होती. ती न मिळतां खाशाबांना पुढच्या कुस्तीस उभें करण्यांत आलें. हरकत घ्यावयाची ती पथकाच्या अधिकाऱ्यानें. तो त्या घटकेला आखाड्यापाशीं नव्हता. परभाषेच्या त्या गोंगाटांत एकट्या मल्लाचें म्हणणें कोण ऐकणार? थकलेल्या अंगानें ते लढले आणि हरले.

खेळाडू होता, शिक्षण होतें, मेहनत होती. नव्हता तो नियमांचें पुस्तक खिशांत बाळगणारा, वेळेवर हजर राहणारा, पंचांशीं सभ्यपणें पण ठामपणें बोलणारा एक माणूस. तो असता तर पदकाचा रंग बदलला असता कीं नाहीं, हें सांगतां येणार नाहीं. परंतु कल्याणच्या एखाद्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यांत जो वृद्ध कार्यकर्ता हातांत घड्याळ घेऊन उभा असतो, व ज्याच्या काटेकोरपणाला मुलें मनांतून हंसतात, त्याचें काम कशासाठीं असतें तें या प्रसंगावरून कळतें.

त्याच ऑलिंपिकमध्यें भारताच्या हॉकी संघानें सुवर्णपदक मिळविलें, आणि देशाचें सारें कौतुक तिकडे वळलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्यानें मिळविलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होतें, ही गोष्ट दिल्ली-मुंबईला उमजावयास वेळ लागला. गोळेश्वरला तो लागला नाहीं. खाशाबा कऱ्हाडला उतरले तेव्हां त्यांना न्यावयास १५१ बैलगाड्या आल्या होत्या. एरवीं पाव तासाचा तो रस्ता. मिरवणुकीला सात तास लागले असें सांगतात. बैलांचीं शिंगें रंगविलेलीं, लेझीम, ढोल, गुलाल, आणि मधल्या गाडींत तो पदक घेतलेला तरुण. कोणतीहि समिति नेमली गेली नव्हती, अर्ज मागविले गेले नव्हते, निकष ठरले नव्हते. सन्मान मात्र असा झाला कीं सत्तर वर्षांनंतरहि त्याची वार्ता सांगितली जाते. त्यानंतर खाशाबांनीं केलें तें याहूनहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि मिळालेला पैसा खर्डेकरांच्या स्वाधीन केला, कीं त्यांचें घर सुटावें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत सबइन्स्पेक्टर म्हणून लागले व वर्षानुवर्षें तीच नोकरी करीत राहिले. सरकारी पुरस्कारांची व्यवस्था तोंवर जन्मलीच नव्हती. अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला. महाराष्ट्राचा शिवछत्रपति पुरस्कार १९६९-७० पासून. हे पुरस्कार त्या त्या काळच्या खेळाडूंसाठीं, त्यामुळें आखाडा सोडलेला मल्ल दोन्हींच्या मधल्या फटींत राहून गेला. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या वेळीं ज्योत घेऊन धांवण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला. शिवछत्रपति पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो १९९२-९३ सालीं, आणि अर्जुन पुरस्कार २००० सालीं. दोन्ही मरणोत्तर. एकट्यानें मिळविलेलें दुसरें पदक देशाला १९९६ सालीं अटलांटा येथें लिएंडर पेस यांच्याकडून मिळालें. म्हणजे चव्वेचाळीस वर्षें खाशाबांचें पदक एकटेंच होतें, आणि त्यांतील बहुतेक काळ तें कोणत्याहि सरकारी यादीवांचून होतें.

राज्याच्या पुरस्कारांत मार्गदर्शकांनाहि स्थान मिळालें, ही मोठी सुधारणा. मार्गदर्शकांचा पुरस्कार पुष्कळ वर्षें दादोजी कोंडदेव यांच्या नांवानें दिला जात असे. ठाणेंकरांना हें नांव परकें नाहीं, कारण त्यांच्या शहरांतील प्रमुख क्रीडागारासहि तेंच नांव आहे. दादोजींनीं शिवाजी महाराजांना नेमकें काय शिकविलें याविषयीं इतिहासकारांत वाद माजला आणि पुरस्काराचें नांव पुढें नुसतें 'उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शक' असें राहिलें. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. गंमत एवढीच, कीं गुरूच्या नांवावर पुष्कळ शाई खर्च झाली, आणि गांवोगांवच्या गुरूंच्या मानधनावर त्या मानानें फारच थोडी.

ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची व कल्याणची त्यानंतर बरोबर एक वर्षानें झालेली. सरकारी क्रीडागारें, जलतरण तलाव, नागरी गौरव हें सारें त्यापुढचें. रेल्वे मात्र ठाण्यास १८५३ पासून आणि कल्याणास १८५४ पासून आहे, आणि या भागांतल्या खेळाचा इतिहास क्रीडागारांपेक्षां या रेल्वेच्या वेळापत्रकाशीं अधिक बांधलेला आहे. नोकरीसाठीं मुंबईला जाणारा माणूस संध्याकाळीं सातच्या पुढें परततो. त्यानंतर मैदानावर उभा राहून मुलांना खोखोचा खांब किंवा कबड्डीची पकड शिकवतो. ठाण्याच्या बॅडमिंटनचें नांव श्रीकांत वाड यांच्या शिकवणीशीं जोडलें गेलें, तें एका दिवसांत नव्हे. अशा एका नांवामागें ज्यांचीं नांवें छापलीं जात नाहींत असे कितीतरी जण असतात, आणि पुरस्कार-समित्यांची खरी परीक्षा त्यांना शोधून काढण्यांत आहे. अर्ज करणाऱ्यालाच पुरस्कार, हा नियम सोयीचा असला तरी कार्यकर्त्याच्या बाबतींत तो उफराटा ठरतो. कारण जो खरा कार्यकर्ता, तो स्वतःचा अर्ज भरीत नाहीं. खेळाडूच्या अर्जांतच 'तुम्हांस येथवर कोणीं आणलें' असा एक रकाना ठेवला, तर बरेंच काम सोपें होईल. खाशाबांनीं तो रकाना कसा भरला असता, हें सांगावयास नको.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आतां महाराष्ट्रांत राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लींतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास २०१० सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. गोळेश्वरच्या घराचें नांव 'ऑलिंपिक निवास' असें आहे.