पाचट : जाळणी आणि पर्याय

ऊस वाढत असताना त्याच्या खालच्या कांड्यांवरील पाने क्रमाने वाळत जातात आणि तोडणीच्या वेळी सोलून फडातच टाकली जातात. या वाळलेल्या पानांना पाचट म्हणतात. शेंड्याकडची हिरवी पाने, म्हणजे वाढे, वैरणीस उपयोगी पडतात. पाचट जनावरे सहसा खात नाहीत. एक हेक्टर उसातून साधारणपणे ८ ते १० टन पाचट मिळते व त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांसारख्या ऊसपट्ट्यांत तोडणीनंतर पाचट पेटवून देण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, पाचटाखाली दबल्यास विरळ फुटतो, सरीतून पाणी नीट पुढे सरकत नाही, खत मातीआड करता येत नाही आणि उंदरांना आसरा मिळतो. या अडचणी खऱ्या आहेत, त्यामुळे जाळणीचा दोष केवळ शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे ठरते. कधी कधी तोडणीपूर्वी उभा फडच पेटवला जातो, कारण त्यामुळे पाला सोलण्याचे कष्ट वाचतात; परंतु जळक्या उसाचे वजन व त्यातील साखर लवकर घटते आणि तोडणी मजुरांच्या बैलांची वैरण असलेले वाढेही त्याच आगीत नष्ट होते.

जाळल्याने पाचटातील बहुतेक कर्ब व नत्र आणि गंधकाचा मोठा भाग हवेत जातो. स्फुरद व पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतात, पण ती राख वारा आणि पाणी सहज वाहून नेतात. धुरात सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड असतात, तर मातीच्या वरच्या थरातील सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात. उष्ण हवामानात मातीतील सेंद्रिय कर्ब आधीच वेगाने घटतो. अशा जमिनीत दरवर्षी टनावारी कर्ब जाळून वर रासायनिक खत विकत आणणे हे या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान होय.

पाचट शेतातच कुजविण्याच्या पद्धतीत ते बुडख्यांवरून बाजूला सारून सरीत सारखे पसरतात आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटतात, जेणेकरून जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे यावेत. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब फार जास्त असल्याने ते कुजविणारे जिवाणू मातीतले नत्र वापरू लागतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो; म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकण्याची शिफारस केली जाते. खत देण्याच्या अडचणीवर पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने पहारीसारख्या अवजाराची सोपी पद्धत प्रचारात आणली : बुडख्यापासून काही अंतरावर १० ते १५ सेंटिमीटर खोल भोके घेऊन त्यांत खत टाकतात व ती मातीने बुजवतात, त्यामुळे पाचट हलवावे लागत नाही. आच्छादनामुळे तण दबते, ओल टिकते आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर वाढवता येते, हा लाभ उन्हाळ्यात विशेष जाणवतो. निचरा न होणाऱ्या भारी जमिनीत मात्र हीच ओल फुटव्यांना बाधते, तेथे आधी चर काढावे लागतात.

पाचटाचे कंपोस्ट किंवा जळणाच्या कांड्याही करता येतात, पण जळणासाठी ते शेताबाहेर गेले की मातीचा कर्बही जातो. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने तोडणीपूर्व जाळणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि त्याबरोबर यांत्रिक तोडणी झपाट्याने वाढली. महाराष्ट्रातही यंत्रे येत असून त्यांनी तोडलेल्या फडात पाचट तुकड्यांच्या रूपात पसरते व लवकर कुजते. मात्र त्याबरोबर वाढ्याचेही तुकडे होत असल्याने ऐन हंगामात मिळणारी ही वैरण कमी होते.