स्पीकर्स ब्युरो
सभा-परिषदांना मानधन घेणारे वक्ते मिळवून देणारी मध्यस्थ संस्था. अमेरिकेत जोसाया होलब्रुक यांनी १८२६ मध्ये सुरू केलेल्या लायसियम चळवळीतून (पहा : प्रौढशिक्षण) गावोगावी व्याख्याने होऊ लागली, तारखा, प्रवास, मानधन यांचा पत्रव्यवहार मात्र वक्त्याच्याच गळ्यात असे. जेम्स रेडपाथ यांनी १८६८ मध्ये बॉस्टनला काढलेल्या ब्युरोने तो १० टक्के दलालीवर अंगावर घेतला. मार्क ट्वेन, फ्रेडरिक डग्लस त्याच्या यादीत होते. आजही दलाली बहुधा मानधनातूनच कापतात. ब्युरो निवडताना तो वक्त्याचा एकमेव प्रतिनिधी आहे की नुसता मध्यस्थ, प्रवास-निवासखर्च मानधनात धरला आहे का आणि वक्ता ऐनवेळी न आल्यास बदली कोण देणार, हे करारात पाहतात. महाराष्ट्रातील व्याख्यानमालांचे आयोजक वक्ते बहुधा स्वतःच ठरवतात (पहा : वसंत व्याख्यानमाला, पुणे).