घडणावळ आणि मोड : अलेक्झांडर काल्डर यांच्या दागिन्यांविषयी

आमच्या हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या, बाजारात दागिना विकायला नेला की सराफ तीन गोष्टी पाहतो : वजन, घट आणि त्या दिवसाचा भाव. ज्याने तो दागिना घडवला त्याच्या हातांचे मोल, म्हणजे घडणावळ, आपण खरेदीच्या वेळी भरलेली असते. विक्रीच्या वेळी ती हिशेबातून नाहीशी होते. या विक्रीला आपण मोड म्हणतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांच्या दागिन्यांचा विचार करताना घडणावळ आणि मोड हे दोन शब्द आम्हांला वारंवार आठवत राहिले.

काल्डर जगाला ठाऊक आहेत ते वाऱ्याने हलणाऱ्या शिल्पांमुळे. या शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव १९३१ साली मार्सेल द्यूशाँ यांनी दिले आणि १९४६ साली त्यांवर झाँ-पॉल सार्त्र यांनी निबंध लिहिला. परंतु याच हातांनी सुमारे अठराशे दागिनेही घडवले, याकडे समीक्षेचे लक्ष फार उशिरा गेले. वास्तविक दागिना हीच त्यांची आरंभीची कला. वडील शिल्पकार, आई चित्रकार. मुलगा मात्र रस्त्यावर तारकाम करणाऱ्यांनी टाकून दिलेले तांब्याच्या तारेचे तुकडे गोळा करून बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करी. पुढे १९१९ साली त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, पॅरिसला मुक्काम केला, १९३० साली मोन्द्रियानचा स्टुडिओ पाहून ते अमूर्ताकडे वळले. पण तार आणि पक्कड हातातून सुटली नाही. हेन्री जेम्स आणि विल्यम जेम्स या बंधूंची नात्याने नात लागणारी लुईझा जेम्स हिच्याशी १९३१ साली त्यांचा विवाह झाला. तिची अंगठीही त्यांनी स्वतःच केली होती.

हे दागिने म्हणजे शिल्पकाराचा फावल्या वेळेचा उद्योग, असे मानणे आम्हांला पटत नाही. दोन्हींची रीत एकच आहे. पितळेची वा चांदीची तार ऐरणीवर ठोकायची, चपटी करायची, तिला वळसे द्यायचे. जोड शक्यतो डाख न लावता, तारेचाच वेढा देऊन वा रिव्हेट ठोकून साधायचा. हातोडीच्या खुणा घासून पुसायच्या नाहीत. रत्नांच्या जागी काचेचे वा चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे. मोबाइलला जी गती वारा देतो, ती या दागिन्यांना चालणाऱ्या, मान वळवणाऱ्या शरीराकडून मिळते.

येथे धातूच्या किमतीचा प्रश्न येतो. पितळेचा हार मोडीत घालून हाती काय पडणार? त्याची सारी किंमत घडणावळीचीच आहे आणि म्हणूनच तो टिकला. सोन्याच्या कामाचे नशीब वेगळे. सोनार आणि शिल्पकार अशा दोन्ही नात्यांनी थोर असलेल्या बेनवेनुतो चेल्लिनीला १५२७ साली, रोमवर हल्ला झाला असताना, पोपच्या आज्ञेवरून पोपच्याच दागिन्यांतील रत्ने काढून सोने वितळवावे लागले होते. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आठवावा. त्या काळात मोडीत गेलेल्या वाक्या, पाटल्या आणि सऱ्या यांबरोबर किती अनामिक सोनारांची कला मुशीत गेली, याची नोंद कोणत्याही कलेतिहासात नाही.

अर्थात यावरून सोन्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पितळ निवडणे हे काल्डर यांचे स्वातंत्र्य होते. शेतकऱ्याच्या घरात सोने ही अडीअडचणीची ठेव असते. तेथे दागिना आधी ठेव असतो आणि मग अलंकार. दोष द्यायचाच तर तो आपल्या दृष्टीला द्यावा लागेल, कारण दागिना शाबूत असतानाही आपण त्यात घडणावळ पाहत नाही.

जानेवारी १९५५ मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून काल्डर भारतात आले. प्रवासाच्या मोबदल्यात काही कलाकृती द्यायच्या, असा हा व्यवहार होता. अहमदाबादेत त्यांनी शिल्पे केली, तसे दागिनेही केले.

भारताशी जोडलेली आणखी एक हकिकत आम्हांला याहून महत्त्वाची वाटते. चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ यांच्यासाठी काल्डर यांनी नावाच्या आद्याक्षरांची एक पितळी पिन केली होती. ती त्या वर्षानुवर्षे वापरत. केस पांढरे झाले, तेव्हा त्यांवर पितळेपेक्षा चांदी शोभेल म्हणून त्यांनी तिची चांदीची प्रतिकृती भारतातील एका कारागिराकडून करवून घेतली. मूळ पिनेशी काल्डर यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. ज्या हातांनी तोच वळसा चांदीत पुन्हा साधला, ते हात मात्र अनामिकच राहिले. त्यांना मिळाली असेल ती फक्त घडणावळ.