प्रारंभीची ख्रिस्ती पत्रे आणि शुभवर्तमानांतील शिकवण

नव्या करारातील २७ ग्रंथांपैकी २१ पत्रे म्हणून गणली जातात. ती शुभवर्तमानांनंतर छापलेली असल्याने येशूच्या शिकवणुकीवरचे ते मागाहूनचे भाष्य असावे, असा समज सहज होतो. लेखनकाळाचा क्रम मात्र बराचसा उलट आहे. पौलाची म्हणून सर्वमान्य असलेली सात पत्रे साधारण इ. स. ५० ते ६० या काळातली. सर्वांत जुने मानले जाणारे मार्ककृत शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचे. पौलापुढे लिखित शुभवर्तमाने नव्हती; येशूची वचने त्याच्यापर्यंत पोचली ती मुख्यतः तोंडी परंपरेने. यरुशलेमेत केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, १५ दिवस राहिल्याचे आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे तो गलतीकरांस लिहितो.

ही परंपरा सर्वांत स्पष्ट दिसते ती करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात. सातव्या अध्यायात पतिपत्नींनी एकमेकांना सोडू नये, ही आज्ञा पौल प्रभूची म्हणून देतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात ती येशूच्या तोंडी आहे. विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराचा प्रश्न येताच मात्र हे आपले सांगणे आहे, प्रभूचे नव्हे, असे तो बजावतो. कुमारिकांविषयी तर प्रभूची आज्ञा आपल्यापाशी नाही, असेच लिहितो. सोयीचे वचन येशूच्या नावावर खपवण्याचा मोह त्याने टाळला, यामुळे त्याच्या साक्षीचे मोल फार वाढते. नवव्या अध्यायात सुवार्तिकाच्या उपजीविकेविषयीची प्रभूची आज्ञा तो सांगतो आणि स्वतः तो हक्क सोडतो. अकराव्यातील प्रभुभोजनाची वचने लूकच्या पाठाशी विशेष जुळतात.

इतरत्र येशूचे नाव न घेताच त्याची शिकवण उमटते. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, हा रोमकरांस पत्रातील उपदेश डोंगरावरील प्रवचनाजवळचा आहे. याकोबाच्या पत्रात असे पडसाद सर्वाधिक आहेत: शपथ न वाहणे, कसर लागणारे धन, केवळ ऐकणारे नव्हे तर आचरणारे होणे. तरीही येशूचे नाव त्यात दोनदाच येते. योहानाच्या नावाची पत्रे, विशेषतः पहिले, परस्पर प्रीतीच्या आज्ञेबाबत चौथ्या शुभवर्तमानाच्या भाषेतच बोलतात.

फरकही खरा आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत देवाचे राज्य आणि दृष्टांत केंद्रस्थानी आहेत. पौलाच्या पत्रांत वधस्तंभ, पुनरुत्थान आणि विश्वासाने नीतिमान ठरणे. यावरूनच जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे याने १९०४ साली पौलाला ख्रिस्ती धर्माचा दुसरा संस्थापक म्हटले. हा निष्कर्ष टोकाचा वाटतो. पत्रे मंडळ्यांतील तंटे आणि शंका निवारण्यासाठी लिहिलेली आहेत; वाचकांना आधीच शिकवलेले त्यांत पुन्हा सांगण्याचे कारण नव्हते. अर्थात पौलाचे सगळेच मौन एवढ्याने उलगडत नाही.

शुभवर्तमाने लिहिली गेल्यावरही तोंडी परंपरा आटली नाही. रोमच्या क्लेमेंटच्या सुमारे इ. स. ९६ मधील पत्रात दया आणि क्षमेविषयीची येशूची वचने आहेत. त्यांचा आशय मत्तय व लूक यांच्याशी जुळतो, पण शब्दरचना कोणत्याही एका शुभवर्तमानाशी तंतोतंत मिळत नाही.