पामर कासल (शिकागो)

पामर कासल : अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी १८८२ ते १८८५ या काळात बांधलेली आणि १९५० मध्ये पाडलेली खाजगी हवेली. मालक पॉटर पामर (१८२६–१९०२) आणि त्यांच्या पत्नी बर्था ऑनोरे पामर (१८४९–१९१८). वास्तुविशारद हेन्री आयव्हज कॉब व चार्ल्स समनर फ्रॉस्ट. पत्ता : १३५०, नॉर्थ लेक शोअर ड्राइव्ह. पत्ता अजून तोच आहे, त्यावर टपालही येते; घर मात्र वेगळे आहे. मराठी वाचकाला ‘पामर’ म्हटले की कीर्तनातला दीन, बापुडा जीव आठवतो. हे पामर त्यांतले नव्हते.

पॉटर पामर मूळचे कापडाचे व्यापारी. १८६५ मध्ये त्यांनी भरभराटीला आलेले दुकान मार्शल फील्ड आणि लेव्हाय लायटर या दोघांच्या हवाली केले आणि पैसा जमिनीत घातला. त्या वेळी शहराची मुख्य बाजारपेठ नदीलगतच्या लेक स्ट्रीटवर होती. पामर मात्र स्टेट स्ट्रीट या अरुंद, कोणी फारसे न विचारणाऱ्या रस्त्याकडेच्या जागा एकामागून एक घेत सुटले. त्यांनी रस्ता रुंद करवून घेतला आणि तिथे स्वतःचे हॉटेल बांधले. बघता बघता बाजार तिकडे सरकला. २६ सप्टेंबर १८७१ रोजी उघडलेले हे ‘पामर हाउस’ दोन आठवडेही टिकले नाही. ऑक्टोबरमधल्या शिकागोच्या महाआगीत ते जळून गेले. पामरांनी एका विमा कंपनीकडून १७ लाख डॉलरचे कर्ज उचलले आणि हॉटेल पुन्हा, आधीपेक्षा मोठे, उभे केले.

ही पार्श्वभूमी हवेलीच्या नोंदीत सांगण्याचे कारण आहे. स्टेट स्ट्रीटवर त्यांनी जी चाल खेळली तीच दहा वर्षांनी सरोवराच्या काठी पुन्हा खेळली आणि हवेली हे तिचे मुख्य प्यादे होते.

शिकागोचे धनिक तेव्हा शहराच्या दक्षिणेला, प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूवर राहत. उत्तरेकडचा सरोवराचा काठ म्हणजे वाळूचे ढिगारे, डबकी आणि दलदल. पामरांनी इथली जमीन स्वस्तात घेतली, सरोवराच्या तळाची वाळू उपसून भराव घातला आणि भरल्या जमिनीवर सर्वांत आधी स्वतःचे घर बांधले. आजूबाजूचे भूखंड मग पारखून निवडलेल्या गिऱ्हाइकांना चढ्या भावाने विकले. नव्या वसाहतीत बिल्डरच राहायला आला म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपते, हे गणित मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पुढे या पट्ट्याला ‘गोल्ड कोस्ट’ हे नाव पडले आणि प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूची रया गेली.

घराचा अंदाजपत्रकातला खर्च ९० हजार डॉलर होता. प्रत्यक्ष खर्च दहा लाखांच्या पुढे गेला. आकडा फुगत चालला तेव्हा यापुढे मला हिशेब दाखवूच नका, असे पामरांनी कारकुनांना बजावले, असे सांगतात. स्वतःचे घर बांधलेल्या कोणालाही या गोष्टीचे नवल वाटणार नाही. नवल इतकेच की पामरांना तसे म्हणणे परवडले.

बाहेरून ही वास्तू म्हणजे मध्ययुगीन युरोपातील गढी होती : विस्कॉन्सिनचा ग्रॅनाइट आणि ओहायोचा फिकट दगड, बुरूज, मनोरे, कंगोरे. या बुरुजांनी शत्रू कधी पाहिला नाही. मुख्य बुरूज ८० फूट उंच होता आणि त्याच्या आतून मधल्या खांबाचा आधार नसलेला गोल जिना वर चढत जाई. खाजगी घरात तेव्हा दुर्मिळ असलेल्या दोन लिफ्टही होत्या. बाहेरच्या दारांना बाहेरून मूठच नव्हती, अशी ख्याती आहे; आतल्या नोकराने उघडले तरच दार उघडायचे. साध्या ओळखीच्या माणसालाही आधी लेखी वेळ मागावी लागे आणि भेटीचे कार्ड बाईंच्या हाती पोहोचेपर्यंत २७ नोकर-चिटणिसांच्या हातांतून जाई, असे लोक म्हणत. आकडा कोणी मोजला होता कोण जाणे, पण घराचा दरारा त्यातून कळतो.

आतली सजावट जोसेफ लायमन सिल्सबी यांच्या देखरेखीखाली झाली. पुढे तरुणपणी फ्रँक लॉइड राइट याच सिल्सबींच्या कचेरीत उमेदवारीला होते. तीन मजले उंचीचा मधला दिवाणखाना, इटालियन संगमरवराची जमीन, भिंतींवर विणलेले चित्रपडदे. त्यापुढे प्रत्येक दालनाचा देश निराळा : सोळाव्या लुईच्या धाटणीचा फ्रेंच बैठकीचा कक्ष, स्पॅनिश संगीतकक्ष, इंग्रजी भोजनगृह, तुर्की दालन आणि एक ‘भारतीय’ खोलीसुद्धा. एका घरात इतके देश नांदवायचे म्हणजे अभिरुचीपेक्षा ऐपत दाखवण्याचा हेतू मोठा, हे उघड आहे. तरी या मांडणीत एक जागा खरोखर मोलाची ठरली. ती म्हणजे चित्रदालन.

बर्था पामर या घराच्या केवळ शोभेच्या यजमानीण नव्हत्या. लग्न झाले तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या आणि नवरा त्यांच्याहून २३ वर्षांनी मोठा होता. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात त्या महिला व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. तेथील ‘महिला भवना’चा आराखडा सोफिया हेडन या तरुण स्त्री वास्तुविशारदाचा होता आणि त्यासाठी मेरी कॅसॅट यांनी भव्य भित्तिचित्र रंगवले, तेही बर्था यांच्याच प्रयत्नांमुळे. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले.

प्रदर्शनाच्या काळात हवेली हा शहराचा जणू अनधिकृत दरबार झाला. स्पेनची राजकन्या युलालिया शिकागोत आली तेव्हा तिच्यासाठी इथे समारंभ ठरला. ज्या हॉटेलात आपण उतरलो त्याच्याच मालकिणीकडे, म्हणजे खाणावळवालीच्या घरी, पाहुणचाराला कसे जायचे, असा राजकन्येचा आक्षेप होता. ती उशिरा आली आणि लवकर निघून गेली. हा किस्सा शिकागोत पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला. दहा लाख डॉलरची गढी बांधूनही खाणावळवाली हा शिक्का पुसला गेला नाही, ही त्यातली खरी बोच.

बर्था यांच्या खरेदीने मात्र काळावर मात केली. कलासल्लागार सारा हॅलोवेल यांच्या मदतीने १८९० च्या सुमारास त्यांनी पॅरिसमधील द्युराँ-रुएल यांच्या पेढीतून मोने, रन्वार, पिसारो यांची चित्रे भराभर घेतली. फ्रान्समध्येही या मंडळींकडे तेव्हा अनेक जण संशयानेच बघत होते. मोनेने रंगवलेल्या शेतातल्या गंज्या सरोवराच्या काठच्या या गढीत आल्या. रन्वारचे सर्कशीतल्या दोन मुलींचे चित्र तर बाईंना इतके प्रिय होते की, प्रवासालाही त्या ते सोबत नेत.

ऱ्हासाची सुरुवात पाडकामाच्या पुष्कळ आधी झाली. १९०२ मध्ये पॉटर पामर याच घरात वारले. त्यानंतर बर्था बराच काळ लंडन-पॅरिसमध्ये राहू लागल्या. १९१० पासून त्यांचे लक्ष फ्लोरिडातील सारासोटाकडे वळले. तिथे त्यांनी हजारो एकर जमीन घेतली, गुरे पाळली, फळबागा लावल्या. नवऱ्याने ठेवलेली मालमत्ता त्यांनी दुपटीने वाढवली असे मानले जाते. म्हणजे जमिनीचा धंदा त्यांनाही चांगलाच अवगत होता. शिकागोतले घर या काळात वर्षातला बराचसा वेळ बंदच असे. ५ मे १९१८ रोजी त्या फ्लोरिडात वारल्या.

गढी सांभाळायला नोकरांचा ताफा, हिवाळ्यात टनावारी कोळसा आणि वर्षभर मेजवान्यांचे निमित्त लागते. पहिल्या महायुद्धानंतर या तिन्ही गोष्टी विरत गेल्या. १९१३ मध्येच आयकर आला होता, आता घरकामाला माणसे मिळेनात, आणि श्रीमंतांनाही अपार्टमेंटची सोय पटू लागली. १९२० मध्ये मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरचा पूल खुला झाला, त्याच वर्षी सरोवरासमोर ड्रेक हॉटेल उघडले. शहराचा मध्य गोल्ड कोस्टच्या दारात आला. पामरांनी जी जमीन दलदल म्हणून घेतली होती तिचा भाव आता तिच्यावरच्या घरापेक्षा कितीतरी जास्त झाला. दगड, संगमरवर, जिने हे सगळे हिशेबात शून्य. उरली ती सरोवरासमोरची रुंदी.

१९२८ मध्ये मोटारींच्या स्टार्टर आणि ब्रेकमुळे गब्बर झालेल्या व्हिन्सेंट बेंडिक्स या उद्योगपतीने हवेली सुमारे ३० लाख डॉलरला घेतली. हे घर राहण्यासाठी त्यांना नको होते. त्याच्या जागी प्रचंड हॉटेल उभारण्याचा त्यांचा बेत होता. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. हॉटेल कागदावरच राहिले आणि जागा फिरून पामर कुटुंबाकडे आली. महामंदीने या हवेलीला वीस वर्षांचे आयुष्य बोनस दिले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात रेड क्रॉसच्या स्वयंसेविका इथे जखमी सैनिकांसाठी मलमपट्ट्या गुंडाळत बसत. मेजवान्या झडणाऱ्या दालनांचा हा शेवटचा उपयोग.

१९५० मध्ये हवेली पाडली. तिच्या जागी २२ मजल्यांच्या जोड इमारती आल्या आणि एका कुटुंबाच्या जागेत सुमारे ७४० घरे मावली. योगायोग असा की, त्याच सुमाराला तिथून साधारण एक किलोमीटर दक्षिणेला, याच रस्त्यावर, मीस व्हान डेर रोहे यांचे पोलाद आणि काचेचे मनोरे उभे राहत होते. आधुनिक वास्तुकलेत त्यांची गणना आज अग्रक्रमाने होते. गढी पाडणाऱ्यांना आपण वारसा नष्ट करतो आहोत असे वाटले नसणार. व्हिक्टोरियन काळातली बुरूजबाज घरे तेव्हा ओबडधोबड, हास्यास्पद मानली जात, आणि अडवणारा कायदा नव्हता. शिकागोत वास्तुविशारद लुई सलिव्हन यांचे गॅरिक थिएटर १९६१ मध्ये पाडले गेले तेव्हा रस्त्यावर निदर्शने झाली. वास्तुवारसा जपणारा शहराचा परिणामकारक अध्यादेश १९६८ मध्ये आला. पामर कासलला तो अठरा वर्षांनी चुकला.

सरोवराकाठच्या हवेल्यांचे हे एकटे उदाहरण नाही. शहराच्या उत्तरेला लेक फॉरेस्ट येथे हॅरल्ड मॅकॉर्मिक आणि त्यांच्या पत्नी, जॉन डी. रॉकफेलर यांच्या कन्या ईडिथ, यांनी ‘व्हिला ट्यूरिकम’ बांधला. आधी फ्रँक लॉइड राइट यांचा आराखडा होता. तो नाकारून चार्ल्स प्लॅट यांच्याकडून इटालियन पद्धतीचे घर करून घेतले. १९१३ मध्ये ईडिथ झुरिचला मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे गेल्या आणि १९२१ पर्यंत तिथेच राहिल्या. व्हिला जवळजवळ न वापरताच जुना झाला. १९३२ मध्ये त्या ड्रेक हॉटेलच्या खोलीत वारल्या. नंतर घर बेवारस पडले, चोरांनी आणि उनाड पोरांनी ते पोखरले आणि १९५६ मध्ये त्याचाही चुराडा झाला. पामर कासल निदान गजबजून जगले होते.

लेक शोअर ड्राइव्हवरच्या जुन्या घरांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी शिल्लक आहेत. त्यांतल्या सात घरांना शहराने १९८९ मध्ये एकत्रित वारसास्थळाचा दर्जा दिला. मागच्या अंगाचा अ‍ॅस्टर स्ट्रीट पुष्कळसा टिकला, कारण तिथून सरोवर दिसत नाही आणि जमिनीला तेवढा भाव नव्हता.

हवेलीतली निवडक चित्रे बर्था यांच्या मृत्युपत्रानुसार १९२२ मध्ये ‘आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो’कडे गेली. मोनेच्या गंज्या तिथे आहेत. रन्वारच्या त्या दोन मुलीही आहेत : खेळ संपला आहे, प्रेक्षकांनी रिंगणात संत्री फेकली आहेत, आणि एकीने ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली आहेत.